शॉकअप गेला म्हणजे काय गेले?



या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. आपल्या दारात उभ्या असलेल्या जीपच्या किंवा पिकअपच्या पोटाखाली चाकाजवळ एक लोखंडी नळकांडे असते, त्याच्याविषयी आज बोलायचे आहे. पुस्तकात त्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात. आपण आणि आपला मिस्त्री त्याला ‘शॉकअप’ म्हणतो, म्हणून मीही तेच नाव वापरतो.

शेतीच्या माणसाने गाडीवर कशाला लिहावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपला भुदरगड तालुका पाहिला की मिळते. गारगोटीहून मुदाळतिट्ट्यावरून कोल्हापूरला जाणारा रस्ता सोडला आणि कडगाव, पाटगावच्या अंगाला वळले की चढ-उतार आणि वळणे सुरू होतात. डांबरी रस्ता संपून वाडीची वाट लागली, की वर जांभ्याचा खडक आणि खाली तांबडा चिखल. भाताची रोपे, खताची पोती, काजू, दुधाचे कॅन, शाळेची मुले आणि अडल्या वेळी दवाखान्यात न्यायचा पेशंट, हे सगळे याच वाटेने जाते. मळ्यात पीक कितीही चांगले आले, तरी घर ते बाजार ही वाट त्याला ओलांडावीच लागते. तेव्हा गाडीची निगा हा शेतीचाच भाग समजावा.

शॉकअप वजन पेलत नाही

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. गाडीचे वजन शॉकअपवर नसते. ते पाट्यावर किंवा गोल स्प्रिंगवर असते. जुन्या जीपला पुढे-मागे चारही बाजूंनी पाटेच असत. २००० साली बाजारात आलेल्या बोलेरोला पुढे गोल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. चाक खड्ड्यात गेले, की पाटा वाकतो आणि धक्का पोटात घेतो. पण पोटात घेतलेला धक्का तो परतही देतो. वाकवलेली बांबूची काठी सोडली की कशी थरथरत राहते, तसा पाटा एकटा असला तर एका खड्ड्यामागे गाडी चार-पाच वेळा वरखाली होईल. तेवढ्यात दुसरा खड्डा येईल आणि चाक जमीन सोडून उड्या मारू लागेल.

ही थरथर थांबवण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळकांड्यात तेल असते. तेलात एक दट्ट्या असतो आणि त्या दट्ट्याला बारीक भोके असतात. चाक वरखाली झाले की दट्ट्या वरखाली होतो आणि तेलाला त्या बारीक भोकांतून जबरदस्तीने जावे लागते. पिचकारीचा दट्ट्या सावकाश दाबला तर सहज जातो, झटक्याने दाबला तर हाताला जोर लागतो. तेच तत्त्व येथे आहे. धक्क्याचा जोर तेलात जिरतो आणि त्याची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

थोडक्यात सांगायचे तर पाटा गाडी उचलून धरतो आणि शॉकअप चाक जमिनीला टेकवून ठेवतो. हे दुसरे काम दिसत नाही, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

“बैलगाडीला कुठे असतो शॉकअप?”

हा प्रश्न मला गावोगावच्या बैठकीत हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण साध्या बैलगाडीला पाटाही नसतो आणि बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतो. जीप तासाला ४० किलोमीटरने गेली, तरी एका सेकंदाला ११ मीटर अंतर जाते. मातीच्या रस्त्यावर दीड-दीड हातावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात. अशा रस्त्यावर चाकाला सेकंदाला पंधरा-सोळा धक्के बसतात. शॉकअप मेलेला असेल, तर यांतल्या बऱ्याच धक्क्यांना चाक हवेतच असते. हवेतल्या चाकाला ब्रेकही लागत नाही आणि स्टेअरिंगही लागत नाही. सरळ रस्त्यावर हे निभावून जाते. उतारावरच्या ओल्या वळणावर निभावत नाही.

दुसरे असे, की पाट्याच्या गाडीत आजार लपून राहतो. एकावर एक बसवलेले पाटे आपापसांत घासतात आणि त्या घर्षणाने थोडी थरथर आपोआप कमी होते. त्यामुळे शॉकअप गेला तरी गाडी ‘चालते’. “सहा महिने झाले, काही झाले नाही” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या सहा महिन्यांत काय झाले ते टायर, बुश आणि चेसिसच्या सांध्यांना विचारावे.

पहिली चौकशी मागे बसणाऱ्यांकडे करा

घरात एक गंमत पाहण्यासारखी आहे. गाडी चालवणारा गडी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, गादीवर बसतो. त्याला धक्के त्या मानाने कमी लागतात. जीपच्या मागच्या बाकावर बसणारी मंडळी मात्र मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर बसलेली असतात. आणि मागे कोण बसते? आई, बायको, सून, लहान मुले. “अहो, गाडी फार आदळते” असे घरची बाई म्हणाली, की “रस्ताच तसा आहे” असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. रस्ता तोच असताना गाडी मागच्या वर्षीपेक्षा जास्त आदळत असेल, तर बदललेली गोष्ट रस्ता नव्हे, गाडी आहे. बहुतेक वेळा शॉकअप बिघडल्याची पहिली वर्दी घरच्या बायकाच देतात. ती ऐकावी.

भगिनींनो, तुम्हीही नुसते “आदळते” म्हणून थांबू नका. कोणत्या बाजूने आदळते, रिकामी असताना की भरलेली असताना, ‘टक टक’ असा लोखंडी आवाज येतो का, हे लक्ष देऊन सांगा. मिस्त्रीचे निम्मे काम त्यातच होते.

घरच्या घरी तपासणी

यासाठी कोणतेही महाग हत्यार लागत नाही.

१. नळकांडे पाहा. वरच्या भागावर किंचित ओलसरपणा आणि त्यावर धुरळा असेल तर घाबरू नका. दट्ट्याच्या दांड्याबरोबर तेलाचा अंश बाहेर येतच असतो. पण तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल, थेंब पडत असेल, तर सील गेले. असा शॉकअप बदलावाच लागतो.

२. टायरवर तळहात फिरवा. घास एकसारखा असावा. ठरावीक अंतरावर वाटीसारखे खड्डे लागत असतील, तर चाक उड्या मारते आहे. तसा घास चाकाचा तोल बिघडल्याने किंवा बेअरिंग ढिले झाल्यानेही होतो, म्हणून तेही पाहून घ्यावे.

३. गोल स्प्रिंगच्या बाजूचा कोपरा दोन्ही हातांनी दोन-तीनदा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन एखाद्या हेलकाव्यात स्थिर झाली तर ठीक. डोलत राहिली तर शॉकअप थकला. पाट्याच्या बाजूला मात्र या परीक्षेवर भरवसा ठेवू नका. पाटे मुळात कडक असतात.

४. पाट्याच्या गाडीसाठी उष्णतेची परीक्षा चांगली. दहा-बारा किलोमीटर खराब रस्त्यावरून आल्याबरोबर गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक लावा आणि चारही शॉकअपना हात लावून पाहा. हात लावताना बेताने लावावा, कारण चांगला शॉकअप चांगलाच तापलेला असतो, सायलेन्सरलाही जपावे. एकाच ॲक्सलवरचा एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला काम करत नाही.

५. वरचे आणि खालचे रबरी बुश पाहा. चिरलेले, चपटे झालेले किंवा एका बाजूला सरकलेले बुश म्हणजे ‘टक टक’ आवाजाचे घर. कित्येकदा शॉकअप चांगला असतो आणि केवळ बुश बदलून काम भागते. मिस्त्रीने “नवीनच टाका” म्हटले, तर बुश पाहिलेत का, एवढे जरूर विचारावे.

६. शेवटी पाटे. एखादा पाटा तुटला आहे का, मधला बोल्ट जागेवर आहे का, यू-बोल्ट ढिले आहेत का आणि ॲक्सल व चेसिस यांच्यामधला रबरी ठोकळा शाबूत आहे का, हे पाहावे. ठोकळा गेला असेल तर मोठ्या खड्ड्याचा दणका थेट शॉकअपच्या आत बसतो.

एका पिकअपची गोष्ट

आमच्या भागात दूध गोळा करणारी एक पिकअप आहे. तिच्या मालकाने मागचे दोन्ही टायर नवीन घातले. काही महिन्यांतच त्यांवर वाट्या पडल्या. टायरच खराब निघाला म्हणून त्याने दुकानदाराशी वाद घातला आणि दुसऱ्या बनावटीचे टायर घेतले. त्यांचीही तीच गत होऊ लागली. अखेर एका जुन्या मिस्त्रीने मागचा शॉकअप खालून सोडवला आणि हाताने ओढून दाखवला. सायकलच्या बिघडलेल्या पंपासारखा तो काही विरोध न करता वरखाली होत होता. आतले तेल कधीच निघून गेले होते. अशा गाडीचे दोन शॉकअप बहुधा एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडतात. येथे चार टायरचे नुकसान झाले होते.

दुधाचेही नुकसान होत होते ते वेगळेच. अर्धवट भरलेला कॅन सारखा आदळला की आतले दूध घुसळले जाते, लोण्याचे कण सुटतात आणि फॅटचा नमुना नीट निघत नाही. १९६३ साली गोकुळ दूध संघ स्थापन झाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात किती घरांची चूल दुधावर पेटते, ते तुम्हाला सांगायला नको. फॅटचा एकेक आकडा आपण पाहतो, तर दूध नेणारी गाडीही पाहिली पाहिजे.

वर्षातून दोन वेळा

शॉकअप इतक्या हजार किलोमीटरला बदलावा, असे आकडे छापलेले असतात. ते चांगल्या रस्त्याचे असतात. आपल्या रस्त्याला आपले पंचांग बरे.

पहिली वेळ रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मृगाच्या आधी. पेरणीची गडबड सुरू झाली की गाडीकडे पाहायला कुणाला सवड नसते. वर सांगितलेली सहा कलमी तपासणी तेव्हा करावी, पाट्याच्या शॅकल-पिनांना ग्रीसचे निप्पल असतील तर जुना चिखल बाहेर येईपर्यंत ताजे ग्रीस भरावे आणि यू-बोल्ट आवळून घ्यावेत.

दुसरी वेळ खंडेनवमी. त्या दिवशी आपण औत, खुरपी, विळा धुऊन पुजतो, गाडीलाही झेंडूची माळ घालतो. माळ घालण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे. पावसाळ्यातला चिखल दट्ट्याच्या दांड्यावर वाळून बसलेला असतो. तो तसाच राहिला तर कानशीसारखा सीलला घासतो. साध्या पाण्याने भिजवून, फडक्याने हलक्या हाताने काढावा. सर्व्हिसिंगच्या पंपाचा जोराचा फवारा थेट सीलवर धरू नये. पुढे ऊसतोडीचा हंगाम असतो, तेव्हा गाडीला उसंत नसते.

काय करू नये

जळके ऑइल आणि डिझेल. पावसाळ्यापूर्वी गंज धरू नये म्हणून गाडीखाली जळके ऑइल मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते रबरी बुशांवर पडले तर रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर फाटते. ब्रेकवर पडले तर त्याहून वाईट. बुश करकरतो म्हणून त्याला ग्रीस लावणे हीसुद्धा तीच चूक होय.

कापून तेल भरणे. “शॉकअप कापून, ऑइल भरून, वेल्डिंग करून देतो” असे सांगणारे भेटतात. आपल्या गाड्यांचे बहुतेक शॉकअप कारखान्यातच बंद केलेले असतात; ते उघडण्यासाठी बनवलेले नाहीत. शिवाय आजकालच्या बऱ्याच शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन वायू असतो. याचे कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ताक जोराने घुसळले की हवा मिसळून फेस येतो. खडबडीत रस्त्यावर शॉकअपमधल्या तेलाचेही तसेच होते आणि फेसाळलेले तेल भोकांतून विरोध न करता निघून जाते. वायूचा दाब असला की फेस कमी धरतो. असे नळकांडे कापले, भोसकले किंवा तापवले तर ते उडून जिवावर बेतू शकते. शर्यतीच्या गाड्यांना उघडून सील, तेल आणि वायू बदलता येणारे महाग शॉकअप येतात, पण ते काम नायट्रोजन भरण्याची सोय असलेल्या कारागिराचेच.

जास्तीचा पाटा. माल जास्त बसावा म्हणून एक-दोन पाटे वाढवून घेतात. पाटा कडक झाला की त्याची उसळीही वाढते आणि जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही. ब्रेक, टायर आणि ॲक्सल तर तेवढेच राहतात. गाडीवर जेवढा भार लिहिला आहे तेवढाच भरावा. रांगण्याकडे भटवाडी-चिक्केवाडीच्या वाटेने जाण्यासाठी काही तरुण गाडी उंच करून घेतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की उंची बदलली की शॉकअपची लांबीही बदलावी लागते. आखूड शॉकअप चाक खाली जाताना ताणून आपल्या बैठकीतून उखडतो. लांब शॉकअप पूर्ण दाबला जाऊन आतून फुटतो.

नवीन बसवताना

एका ॲक्सलवरचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असला की खड्ड्यात गाडी एका अंगाला ओढते. आपल्या गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून, पक्के बिल घेऊनच माल घ्यावा.

पाट्याच्या बाजूचा शॉकअप चाके जमिनीवर असतानाच काढता-घालता येतो, कारण ॲक्सल पाट्याने धरलेले असते. तरी सपाट जागा पाहावी आणि चाकांना पुढे-मागे ओंडके लावावेत. गाडी उचलावीच लागली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे द्यावेत. जांभ्याचा दगड किंवा वीट मुळीच देऊ नये. भाराखाली त्यांचा केव्हा भुगा होईल सांगता येत नाही. गोल स्प्रिंगच्या बाजूचे काम मात्र मिस्त्रीकडेच द्यावे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

साधा तेलाचा नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतली हवा आणि तेल यांची सरमिसळ झालेली असते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढावा आणि दाबावा. सुरुवातीला मधेच पोकळ लागतो, मग विरोध सारखा लागू लागतो. दट्ट्याच्या चकचकीत दांड्याला पकड लावू नये. एक ओरखडासुद्धा पुढे सील कापतो.

बुशाचा नट शेवटचा आवळताना गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे. चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. यू-बोल्ट उघडले असतील तर थोडी गाडी चालवून ते पुन्हा आवळावेत. ही दोन कामे घाईत राहून जातात, म्हणून मालकाने जवळ उभे राहून करून घ्यावीत.

शेवटी

ज्या रात्री पाऊस कोसळत असतो आणि वाडीवरून बाळंतपणाला अडलेल्या बाईला गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे असते, त्या रात्री शॉकअप बदलायला वेळ नसतो. त्या रात्री उतारावर चाके जमीन धरतील की नाही, हे आपण रोहिणी नक्षत्रात काय केले त्यावर ठरते. आणि ती बाई मागच्या बाकावर असते, ॲक्सलच्या डोक्यावर.

तेव्हा येत्या आठवड्यात एवढे करा. बाजाराहून परत आल्याबरोबर, इंजिन बंद करून, चारही शॉकअपना हात लावून पाहा. एखादा गार लागला तर पुढच्या बाजाराला मिस्त्रीकडे गाडी न्या. आणि आज संध्याकाळी जेवताना घरच्यांना विचारा, मागे बसल्यावर गाडी कशी लागते.